पीयूसी पास झाली, तरी ईजीआर परत बसवला: जुन्या डिझेल गाडीचा अनुभव

रानवाट | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. जुन्या डिझेल गाडीचा ईजीआर (प्रदूषण रोखणारा एक व्हॉल्व्ह) बिघडला की बऱ्याच गॅरेजांत एकच उत्तर मिळतं: "पत्रा मारून टाका," म्हणजे व्हॉल्व्हची वाट पत्र्याने बंद करा. मीही मारला होता. तीन महिने गाडी तशीच चालवली, त्यावर पीयूसीही काढली, आणि मग पत्रा काढून व्हॉल्व्ह परत जागेवर बसवला. का बसवला ते जरा सविस्तर लिहितो. "हो, मारा पत्रा" म्हणायच्या आधी हे मला कोणी सांगायला हवं होतं.

गाडी २०१२ची, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली. नोंदणी पुण्याची, म्हणजे बीएस-४ (भारत स्टेज-४, गाड्यांच्या प्रदूषणाचा सरकारी निकष). पुणे, मुंबई, सोलापूर अशा शहरांत बीएस-४ २०१० मध्ये आलं, देशभर सक्तीचं झालं ते २०१७ मध्ये. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, कारण हा आजार त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक कॉमनरेल डिझेलला होतो.

सुरुवात खंबाटकीत झाली. पुण्याहून साताऱ्याला येताना घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्येही गाडी ओढेना. आरशात बघतो तर मागे काळा धूर, आणि मागच्या दुचाकीवाल्याने तोंडावर रुमाल धरलेला. दोन दिवसांनी इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावल्यावर पी-०४०२ आला, म्हणजे ईजीआरमधून गरजेपेक्षा जास्त वायू जातोय. व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे सिलिंडरमधल्या ज्वाळेचं कमाल तापमान खाली येतं. तापमान फार चढलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात, म्हणजे नॉक्स. हे होऊ नये म्हणून ईजीआर. तो काम करतो मंद आणि मध्यम लोडवर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की निरोगी व्हॉल्व्ह आपला आपण बंद होतो. म्हणून "ईजीआर काढला की गाडीची ताकद वाढते" हे खरं नाही. बिघडलेला काढला की गेलेली ताकद परत येते, एवढंच. तोच दुरुस्त केला तरीही तेवढीच परत येते.

नव्या व्हॉल्व्हचा भाव मला एकोणीस हजार सांगितला. पत्रा मारायचे आठशे. दोन मिलिमीटर जाडीचा स्टीलचा तुकडा, पाइप आणि व्हॉल्व्हच्या मधे, दोन बोल्टांखाली. अर्ध्या तासाचं काम. गाडी लगेच पळायला लागली, धूर गेला. पुढच्याच महिन्यात पीयूसी होती. आधी काठावर पास होणारी गाडी या वेळी आरामात पास झाली. मला वाटलं, हवाही सुधारली आणि गाडीही.

इथेच माझी चूक झाली. पीयूसी केंद्रावर डिझेलची चाचणी कशी होते ते आठवा. गाडी न्यूट्रलला, ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा, सायलेन्सरमध्ये नळी. यंत्र मोजतं ते धुराची दाटी, म्हणजे प्रकाश किती अडला ते. बीएस-४ला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही आणि या चाचणीत तो मोजलाच जात नाही. शिवाय पूर्ण ॲक्सिलरेटरवर ईजीआर बंदच असायला हवा, म्हणजे तो आहे की नाही याचा पत्ता या चाचणीला लागायचं कारणच नाही. आधी आकडा वाईट येत होता तो व्हॉल्व्ह उघडा अडकल्यामुळे. पत्रा मारल्यावर काजळी कमी झाली आणि नॉक्स वाढला. कागदावर मात्र मी आधीपेक्षा स्वच्छ ठरलो.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा प्रयोगशाळेत नॉक्स मोजतात. बीएस-४ डिझेल कारला मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम, बीएस-६ला ०.०८. एकदा गाडी रस्त्यावर आली की तो आकडा राखणं मालकाच्या हातात राहतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा मी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी होतो. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं नियंत्रण ठेवायचं आणि रस्त्यावर नॉक्स सोडून द्यायचा, असं ते सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर कंपनीने त्याच वर्षी सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्या. एका रात्री हे सगळं पुन्हा वाचत होतो आणि एकदम लक्षात आलं, त्यांनी सॉफ्टवेअरने केलं तेच मी आठशे रुपयांच्या पत्र्याने केलंय. चाचणीत पास, रस्त्यावर घाण. त्या रात्री झोप लागली नाही. खरंच लागली नाही.

पुढच्या रविवारी व्हॉल्व्ह खोलला. काय दिसलं ते उद्या लिहितो.

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:५०

वाचतोय. माझीही २०११ची आहे आणि गेल्याच आठवड्यात पत्र्याचा सल्ला मिळालाय.

भाजीपाला_एक्सप्रेस | शनिवार, रात्री १०:३१

रानवाटजी, तळमळ कळली, पण आमची बाजूही ऐका. माझी पिकअप आहे, नारायणगावहून रोज पहाटे टोमॅटो घेऊन वाशीला जाते. गाडी एक दिवस उभी राहिली तर माल सडतो आणि भाडं दुसऱ्याकडे जातं. ईजीआर दोनदा बदलला, दोन्ही वेळा वर्षभरात परत तेच. तिसऱ्यांदा वीस हजार कुठून आणू? पत्रा मारला, आता दीड वर्ष झालं, तक्रार नाही. हवा खराब व्हावी असं मलाही वाटत नाही, घरात लहान मूल आहे. पण हप्ता आधी.

पाना_पक्कड | शनिवार, रात्री ११:१५

नमस्कार. माझं कोल्हापूरला गॅरेज आहे, बावीस वर्षं डिझेलचंच काम करतो. भाजीपालादादा, तुमच्या लिहिण्यातच आजार सापडतोय. व्हॉल्व्ह दोनदा बदलूनही वर्षात परत भरला, म्हणजे काजळी तयार करणारं कारण दुसरीकडे आहे आणि व्हॉल्व्ह बिचारा ती नुसती साठवतोय.

मी आधी काय बघतो ते सांगतो. टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा गार करणारी जाळी) जाणारे रबरी पाइप. घड्या असतात तिथे बारीक चीर पडते, हाताला तेलकट लागतं. हवा मोजणारा सेन्सर असतो एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि गळती त्याच्या पुढे. मोजलेली हवा जास्त, सिलिंडरला पोचलेली कमी, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने. मग काळा धूर आणि काजळी. तो मास एअरफ्लो सेन्सर मळलेला असला तरी हिशोब चुकतो. त्यानंतर ब्रीदर, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ इनटेककडे, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेकडे नेणारी नळी. कोरडी काजळी तशी उडून जाते, पण तेलाची वाफ मिसळली की तिचा चिखल होतो आणि तोच व्हॉल्व्हला पकडतो. तेलाची पातळी खुणेच्या वर भरली असेल तर आणखी जास्त. शेवटी डिझेल फवारणारं नोझल. एक नोझल जरी ठिबकत असलं तरी वर्षाला एक व्हॉल्व्ह खाईल.

आणि पत्रा मारल्यावर दिवा लागलेला असेल तर तो पी-०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. काही जण मग पत्र्याला भोक पाडतात, काही जण सॉफ्टवेअरमधून दिवाच बंद करून देतात. मी सुरुवातीच्या काळात पत्रे मारलेत, खोटं बोलणार नाही. आता सहा-सात वर्षं मारत नाही. दिवा बंद केला की गाडी आजारी असली तरी मालकाला कळायचा मार्ग उरत नाही. असंच एक इंजिन उघडून बघितल्यापासून सोडलं.

रानवाट | रविवार, सकाळी १०:०५

पानापक्कड, तुमचा प्रतिसाद मला आधी मिळायला हवा होता. माझ्या गाडीत तेच निघालं.

व्हॉल्व्ह काढला तो फलटणच्या एका जुन्या मिस्त्रींनी, मी शेजारी उभा. बाहेरून ॲल्युमिनियमचा चकचकीत भाग, पण आत बघितलं आणि पोटात कालवलं. भिंतीला काळा, ओला थर, उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर मऊ होतं तसा. बोट लावलं तर चिकटलं, आणि तो वास तीन दिवस नखांतून गेला नाही. व्हॉल्व्हची टिकली आपल्या आसनावर बसायलाच जागा नव्हती, मधे हरभऱ्याएवढा कार्बनचा खडा अडकलेला. तोच आजार, तेवढाच. एकोणीस हजारांचा भाग ज्याच्यामुळे बदलायचा होता तो खडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्यापुढे इनटेक मॅनिफोल्डचं तोंड. मिस्त्रींनी टॉर्च धरला. जिथून मनगट सहज जावं तिथे आत दोन बोटं जेमतेम जात होती. दहा वर्षं हे इंजिन अशा भोकातून श्वास घेत होतं. पत्रा मारून हा थर कमी झाला नव्हता, नुसता आणखी वाढायचा थांबला होता. गाडी पूर्ण मोकळी झाली ती मॅनिफोल्ड खाली उतरवून धुतल्यावर.

मूळ कारण इंटरकूलरच्या पाइपला खालच्या बाजूने पडलेली चीर, क्लिपच्या अगदी खाली, वरून दिसत नाही अशी. आणि दुसरं कारण मी स्वतः. घर ते ऑफिस चार किलोमीटर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. महिन्यातून एकदा घाट, बाकी सगळं थंड इंजिनावर.

खर्च लिहितो: पाइप अडीच हजार, दोन गॅस्केट तीनशे, मॅनिफोल्ड उतरवून साफसफाई आणि मजुरी साडेचार हजार. नव्या व्हॉल्व्हच्या निम्म्याहून कमी.

निळेसावळे | रविवार, दुपारी १२:४०

मी छातीविकारांची डॉक्टर आहे, गाड्यांमधलं काही कळत नाही. पण नॉक्समधल्या नायट्रोजन डायऑक्साइडबद्दल लिहिते. हा वायू श्वासनलिकांच्या अस्तराला चुरचुर लावतो आणि दमेकऱ्यांच्या नलिका आणखी संवेदनशील करतो. लहान मुलांना जास्त, कारण त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. उन्हात हाच वायू इतर बाष्पांबरोबर ओझोन तयार करतो, तो वेगळा त्रास. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १० वर आणली. धूर दिसला की आई मुलाच्या नाकावर पदर धरते. हा दिसत नाही, म्हणून कोणी काही धरत नाही.

नेकारकाठ | रविवार, दुपारी ३:२०

नमस्कार, मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. मूळचा चिंचवडचा.

इथला अनुभव यात बसतो म्हणून सांगतो. नेकारटोर नावाच्या चौकात हवा मोजायचं केंद्र आहे आणि तिथे वर्षानुवर्षं नायट्रोजन डायऑक्साइड ४० च्या वर जात होता. शेवटी १ जानेवारी २०१९ पासून शहरात युरो-४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली. युरो-४ म्हणजे आपलं बीएस-४, रानवाटांच्या गाडीच्याच पिढीतली. माझी गाडी त्यातच गेली, विकावी लागली. नीट ठेवलेली होती, सगळं जागेवर होतं, तरी गेली. शहराची हवा मोजायला लागले की असं होतं. पुण्यात तशी वेळ यायच्या आत ज्याची गाडी चालू आहे त्याने ती नीट ठेवावी, असं मला फार वाटतं.

कागदपत्रे | रविवार, संध्याकाळी ६:०२

कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आयुष्य आरटीओच्या फायलींत गेलंय.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यात मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. वायुप्रदूषणाच्या निकषांचा भंग कलम १९०(२)खाली येतो, तिथे दंड दहा हजारांपर्यंत आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. रस्त्यावर बोनेट उघडून पत्रा शोधणारा अधिकारी तुम्हाला सहसा भेटणार नाही, हेही खरं. पण म्हणून गोष्ट कायदेशीर होत नाही. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला गाडी आणाल तेव्हा ती जशी नोंदली तशी असायला हवी.

घाटमाथा | रविवार, संध्याकाळी ६:४४

एक शंका. मित्राची पेट्रोल गाडी आहे, २००८ची. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) चोंदलाय म्हणून तो काढून सरळ पाइप टाकायला सांगितलंय. तेही हेच का?

पाना_पक्कड | रविवार, रात्री ८:३०

त्याहून वाईट. तिथे तर कार्बन मोनॉक्साइड सरळ बाहेर येणार. कॅट आपणहून चोंदत नाही, बहुतेक वेळा मिसफायर असतो, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. आधी प्लग आणि कॉइल बघा. आणि जुना काढायला कोणी उत्साह दाखवत असेल तर लक्ष ठेवा, आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाल्याकडे त्याची किंमत मालकाला माहीत नसते.

आता ज्यांना ईजीआर स्वतः साफ करायचाय त्यांच्यासाठी, कारण गाड्या याच कामात बिघडवून माझ्याकडे येतात. व्हॉल्व्ह गाडीवरून काढूनच साफ करा. चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये फवारा मारू नका, इंजिन त्याच द्रवावर पळायला लागतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर टिकली स्क्रूड्रायव्हरने रेटू नका, आतली प्लास्टिकची दातरी मोडते. मोटरची बाजू कोरडी ठेवा, फक्त काजळीची बाजू कार्बोरेटर क्लीनरने भिजवा, पंधरा मिनिटं थांबा, बांबूची काडी आणि दाताचा जुना ब्रश. गॅस्केट नवंच. बसवल्यावर स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद जागा पुन्हा शिकवावी लागते, बऱ्याच गाड्यांत. ते न केल्यामुळे "साफ करूनही फरक नाही" म्हणतात.

व्हॅक्युमवरचा असेल तर काम आणखी सोपं. इंजिन मंद चालू असताना हातपंपाने व्हॅक्युम द्या, इंजिन अडखळलं पाहिजे. अडखळलं तर व्हॉल्व्ह ठीक, मग नळ्या आणि सोलेनॉइड (व्हॅक्युम सोडणारी विजेवरची झडप) तपासा. मी असे कितीतरी व्हॉल्व्ह बघितलेत की दोष वीस रुपयांच्या तडकलेल्या नळीचा आणि बदलला व्हॉल्व्ह.

एक गोष्ट मात्र साफ करून सुटत नाही. कूलंट कमी होतंय, खाली थेंब नाही, सकाळी पांढरा धूर: मग ईजीआरचा कूलर आतून फुटलाय. तिथे कूलर बदलाच. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

रानवाट | रविवार, रात्री ९:१८

भाजीपालादादा, तुमच्या हप्त्याचं ओझं मला उचलायचं नाही, त्यामुळे उपदेश करायचा अधिकारही नाही. पण तुमच्या पिकअपला ही चीर किंवा ती वीस रुपयांची नळी असेल तर तुम्ही दोन व्हॉल्व्हचे पैसे उगाच भरलेत, आणि ते मला लागतंय.

भाजीपाला_एक्सप्रेस | सोमवार, पहाटे ४:५०

गाडी भरून निघतोय, म्हणून दोनच ओळी. काल रात्री टॉर्च घेऊन खाली झोपलो. इंटरकूलरकडच्या पाइपला खालून हात लावला, बोटं तेलाने काळी झाली. चीर आहे. दोन वर्षांत दोन व्हॉल्व्ह बदलले, हा पाइप एकदाही कोणी बघितला नाही.

पानापक्कड, गुरुवारी कोल्हापूरला माल आहे. पत्रा काढून जुना व्हॉल्व्ह साफ करून बसवता येईल का? जुना फेकलेला नाही, गोणीत आहे.

पाना_पक्कड | सोमवार, सकाळी ८:१०

येईल. तुमच्या निरोप खिडकीत पत्ता पाठवलाय. माल उतरवून गुरुवारी रात्रीच आणून लावा, सकाळी इंजिन गार पाहिजे, गरम इंजिनावर ते बोल्ट मोडतात. पाइप मी मागवून ठेवतो, मॉडेलचं साल कळवा. आणि ती गोणी विसरू नका.